एनारनं गार म्हटलेला पट्टा

एनार स्कोगस्टाडच्या उजव्या हाताची चार बोटं मेलेली होती. झडली नव्हती, सडली नव्हती. दिसायला चांगली जाडजूड, नखं वाढत होती, फक्त थंडीत खडूसारखी पांढरी पडायची. पण त्यांना काही कळायचं नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून ती बोटं चेनसॉच्या, लाकूड कापायच्या यंत्राच्या, मुठीवर होती. त्या थरथरीनं त्यांना आतून कुरतडत आणलं, आणि एका सकाळी शर्टाची गुंडी लावताना एनारच्या ध्यानात आलं, की गुंडी बोटांत आहे का सुटली हे बघितल्याशिवाय समजत नाही. डॉक्टरनं या दुखण्याचं नाव सांगितलं होतं. घरी येईपर्यंत एनार ते विसरला.

कंबर धरते असं गावात सांगून त्यानं चेनसॉ खाली ठेवला. बोटांचं फक्त नडीनला, त्याच्या बायकोला माहीत होतं. तिच्यापासून लपणार कसं? वर्षभरात घरातले निम्मे कप फुटले होते. शेवटी तिनं त्याच्यासाठी पत्र्याचा मग आणला आणि म्हणाली, "घे, हा आपट हवा तेवढा."

लाकडं तोडणं सुटलं तरी आगीची टोळी सुटली नव्हती. गावातली पंधरा-वीस माणसं उन्हाळ्यात जंगलात आग लागली की कामधंदा टाकून जातात, त्यांत एनार बापाच्या वेळेपासून होता. आता तेवढ्या एकाच ठिकाणी त्याला कुणी हाक मारत होतं.

आग विझवणं ह्या डोंगरावर अर्धंच काम. उरलेलं अर्धं मातीशी असतं. उतारावर गुडघाभर राखेची माती आहे. पश्चिमेकडचा कुठलासा डोंगर हजारो वर्षांमागं फुटला, त्याची राख वाऱ्याबरोबर इथवर आली आणि इथंच राहिली. तिच्या खाली हिमयुगातल्या जुन्या बर्फानं खरवडून, दाबून, ठासून ठेवलेले गोटे. त्यात पहार मारली तर ठिणगी उडते, आत जात नाही. वरची राख मात्र नाचणीच्या पिठासारखी मऊ. झाडांना ती मानवते. पावसाळी पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात थोडंथोडं सोडते, म्हणून इथले देवदार तिघांच्या कवेत मावत नाहीत. पण आगीच्या वेळी ही माती पक्की लबाड. वरून हात लावावा तर थंडगार, आणि खाली राख न्‌ गोट्यांच्या मधल्या सांदीत मूळ धुमसतंय. घोंगडीखाली निजल्यासारखी आग निजून राहते, आणि आठवड्यानं पन्नास पावलांवर जाऊन उठते.

म्हणून इथं आग डोळ्यांनी विझलेली कुणी मानत नाही. सगळे ओळीनं गुडघ्यावर बसतात, हातमोजे काढतात, आणि उघडा हात राखेत खुपसून खाली गोट्याला लागेपर्यंत नेतात. प्रत्येकाला उताराचा एकेक पट्टा. हातभर सरकायचं, परत खुपसायचं. पट्टा संपला की उभं राहून म्हणायचं, "गार." मग तिथं फीत बांधतात. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. एखाद्याचं बोलणं गावात कुणी मनावर घेत नसलं, तरी त्याचं गार मानतात. आणि ज्याच्या हाताचा भरवसा उरला नाही त्याला ओळीतून काढून पाण्याच्या गाडीवर बसवतात. त्यात अपमान नाही असं सगळे म्हणतात. म्हणणारे सगळे ओळीतले असतात.

एनारनं यावर तोड काढली होती. मनगट जिवंत होतं. बाही वर सारून हात जरा जास्त खोल घातला, की मनगटाच्या आतल्या बाजूला ऊब कळायची. असे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टात, टॅमसन ओढ्याच्या वर वीज पडली. आग फार मोठी नव्हती. टोळीनं तिच्याभोवती चर खणून तिला कोंडली आणि विझवली. चराच्या वरच्या अंगाला एनारच्या धाकट्या भावाची, हार्लनची लार्चची झाडं होती. बाप गेल्यावर दोघा भावांनी ती लावली होती, पण नंतर वाटणीत तो तुकडा हार्लनकडं गेला. हार्लननं लग्न केलं नाही. त्याच्याकडं दाखवण्यासारखं काही असेल तर ती झाडं, आणि तो ती दाखवायचा. बघायला नको म्हणणाऱ्यालाही दाखवायचा.

हात खुपसायच्या दिवशी सकाळी टोळीची मुकादम कोरीन पट्टे वाटत होती. तिशीतली पोरगी, बोलायला तिखट, कामाला दुप्पट. एनारला तिनं चरालगतचा पट्टा दिला आणि शेजारचा स्वतः घेतला. त्या सालापासून नवा नियम होता, की शर्टाच्या बाह्या मनगटावर गुंडी लावून बंद पाहिजेत. एनारची गुंडी सकाळी नडीननं लावून दिली होती. आता ती काढायची म्हणजे डाव्या हातानं खटपट करायची, आणि कोरीन शेजारी. तिची वटवट चालू होती. हार्लन तिला परत झाडं दाखवायला घेऊन गेला होता, एकेका झाडाची ओळख करून देत होता म्हणे, आता त्यांची लग्नं लावायची तेवढी राहिलीत. एनार हसला. गुंडी तशीच राहिली, आणि मनगट बाहीत झाकलेलं.

पट्ट्याच्या टोकाला देवदाराचा जळका बुंधा होता. एनारनं त्याच्या दोन मुळांच्या बेचक्यात हात घातला, गोट्यांपर्यंत नेला, धरून ठेवला. काही कळलं नाही. गार असतं तेव्हाही काहीच कळत नाही. तो तसाच थोडा वेळ बसला. मग हात काढला, मोजा चढवला, उठला.

कोरीननं मान वर केली. "काय?"

"गार," एनार म्हणाला. तिनं फीत बांधली.

दुपारी घरी येऊन तो जेवायला बसला. नडीननं घेवडा न्‌ मक्याचा पाव पुढं ठेवला. अर्धा पाव संपला तेव्हा ती बघतच राहिली.

"हात कुठं घातला हुतास?"

"कुठं म्हंजे?"

"बोटं बघ की."

त्यानं बघितलं. मधल्या दोन बोटांवर पाण्यानं भरलेले फोड टरारले होते. एक फुटून ताटाच्या कडेला ओल लागली होती. दुखत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसा तो बघत राहिला. चुलीला शिवला नव्हता. गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं. सकाळपासून मोज्याबाहेर तो हात फक्त राखेत गेला होता.

त्यानं घास चावून गिळला. खिडकीतून झाडांचे शेंडे दिसत होते. दुपारचा वारा खोऱ्यातून वर चढायला लागला होता.

"कोरीनला सांग," नडीन म्हणाली.

"आधी बघून येतो."

"बघणार कशानं? फोडांनी?"

त्यानं पाठीवरची पाण्याची पिशवी आणि फावडं गाडीत टाकलं न्‌ निघाला. नडीन दारात उभी होती. तिनं दोन बोटांना फडकं गुंडाळून दिलं होतं, तेवढंच.

बुंध्याशी सगळं गप्प होतं. फीत हलत होती. एनारनं गुंडी तोडली, बाही सारली आणि मनगट खाली घातलं. मनगट चटकन मागं आलं. मग त्यानं फावडं मारलं. जिथं मूळ होतं तिथं आता मांडीएवढं भोक होतं. मूळ जळून गेलं होतं, त्याची पोकळी तेवढी राखेत राहिली होती आणि आत लाल होतं. भोक वरच्या अंगाला गेलं होतं. खणणाऱ्यांनी चर राख संपेस्तोवर नेलाच नव्हता. मूळ चराच्या खालून, गोट्यांना घासून पलीकडं गेलं होतं. एनार त्या मागानं खणत गेला. फीत ओलांडली, चर ओलांडला, लार्चमध्ये शिरला. तिथं पाल्यातून बोटभर धूर निघत होता. त्यानं पिशवीतलं निम्मं पाणी त्यावर मारलं. धूर बसला. मान वर केली तर दहा पावलांवर दुसरा. उरलेलं पाणी तिथं मारलं. तिसरा त्याच्याही वर होता, आणि तो बोटभर नव्हता.

रेडिओ कमरेला होता. एकट्यानं रेटलं असतं तर कदाचित कुणाला काही न कळता निभावलंही असतं. वारा पडला असता तर. एनार उभा राहिला. त्याच्या मनात फार काही आलं नाही. नंतर हार्लननं विचारलं तेव्हाही त्याला सांगता आलं नाही की तेव्हा त्याला काय वाटलं. डाव्या अंगठ्यानं त्यानं बटण दाबलं.

"कोरीन. माझा पट्टा गरम हाय."

"कुठला? सकाळी तुम्हीच गार म्हणालात की."

"म्हणालो. माझ्या हाताला कळत न्हाई. तीन वरसं झाली." बटण सुटलं. परत दाबून तो म्हणाला, "हार्लनच्या झाडांत शिरलंय. पाणी आणा."

हे टोळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. हार्लननंही ऐकलं. त्याचाही रेडिओ चालू होता.

माणसं आली, गाड्या आल्या. पण वारा आधी आला. लार्चचा वरचा निम्मा तुकडा गेला. लाकूडओढीच्या जुन्या रस्त्यावर आग अडली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. एनार शेवटपर्यंत फावडं मारत होता. कुणी मार म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. माणसं त्याच्या दोन्ही अंगांनी काम करत होती, त्याला वळसा घालून.

आग बसल्यावर कोरीन त्याच्याजवळ आली. तोंड काजळीनं काळं झालेलं. तिनं त्याच्या हाताचं फडकं सोडलं, बघितलं, नवं बांधलं. मग म्हणाली, "उद्या पाण्याची गाडी तुम्ही चालवा."

"बरं."

"मला आधी सांगायचं हुतं."

"व्हय."

ती गेली.

हार्लन आला आणि एनारच्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर बसला. बराच वेळ वर बघत होता. वरची झाडं उभीच होती, पण काळी.

"तीन वरसं," हार्लन म्हणाला. "म्हंजे मागल्या साली माझ्या धुराड्याला हात लावून गार म्हणाला हुतास, ते?"

"तवा मनगट लावलं हुतं."

"नशीब माझं." त्यानं थुंकून तोंडातली काजळी काढली. "मला सांगितलं असतंस तर मी काय गावभर भोंगा लावला असता?"

"लावला असतास."

हार्लननं विचार केला. "लावला असता," तो म्हणाला.

मग त्यानं कामाचं काढलं. जळकी झाडं किडे लागायच्या आत काढायला हवीत. पण आत्ता नाही; पाऊस लागला की राख भिजणार, आणि ओल्या राखेवर यंत्र घातलं की ती दाबून वीट होते, मग आपल्या हयातीत तिथं काही उगवत नाही. जमीन गोठल्यावर, बर्फावरून ओढू. तू तोड, मी ओढतो. तो नेहमीसारखा बोलत होता, जणू रेडिओवरचं त्यानं अर्धंच ऐकलं होतं.

"मी चेनसॉ धरणार न्हाई," एनार म्हणाला. "कंबरेचं काही न्हाई. कंबर धड हाय. बोटं गेलीत."

हार्लन खाली उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि एनारच्या हातातून किल्ली घेतली. फडक्यानं गच्च बांधलेल्या त्या हातानं गाडी चालवत घरी जाणं बरं नव्हतं. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. वाटेत फक्त एवढंच म्हणाला, की नडीनकडं घेवडा शिल्लक असेल तर बरं, सकाळपासून पोटात काही नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी परत ओळीनं गुडघ्यावर बसली. एनार खाली ओढ्याकाठी पाण्याच्या गाडीत होता. नळी ओढ्यात सोडली होती, टाकी भरत होती. वर कोण कुठं आहे हे त्याला झाडांमुळं दिसत नव्हतं. नुसते आवाज येत होते, एकेक करून, गार, गार, आणि मध्ये कोरीनचं हसणं. एनारचा पट्टा हार्लननं मागून घेतला होता. तिथून काही आवाज येत नव्हता.

सगळ्यांचं होऊन गेलं तरी तिथून आवाज येईना. एनार गाडीतून उतरून टायरला टेकून उभा राहिला. मग वरून हार्लन ओरडला, "इथं अजून गरम हाय. पाणी सोड."

एनारनं डाव्या हातानं पंप चालू केला. नळी फुगत, वळवळत वर गेली.