बिगारीतला बिरप्पा

मंद्रूपच्या वाटेला, सोलापूरच्या कडेला, धनगरांची काही खोपटी होती. तिथली तानाबाई रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन वेणीमाधव मास्तरांकडे जाई. मास्तरांच्या आईला दमा होता, तिला तेवढंच दूध सोसे. १९२१ साली मास्तरच तिला म्हणाले, "पोराला शाळेत घाल. बिगारीत बसू दे." बिगारी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. अक्षरं, बाराखडी, शंभरापर्यंतचे आकडे.

तिचा बिरप्पा तेव्हा सहा वर्षांचा. घरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. तरी दिवाळीपर्यंत बाराखडी त्याच्या हाताखालून गेली. बाकीची पोरं अजून 'ग' गिरवत होती आणि हा पावकी-निमकीचे पाढे घडाघडा म्हणत होता.

त्या वर्षी मास्तरांची बदली बार्शीकडच्या कुठल्याशा खेड्यात व्हायच्या बेतात होती. शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला आले. मास्तरांनी बिरप्पाला उभं केलं. साहेब खूश झाले, शेरा चांगला पडला आणि बदली टळली.

वर्षाखेर सगळी पोरं पहिलीत गेली. बिरप्पा राहिला.

"म्हंतो तर समदं की, मास्तर," तानाबाई दारात उभी राहून म्हणाली.

"म्हणणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. हात कच्चा आहे त्याचा. तुला काय कळतं त्यातलं?"

तिला खरंच कळत नव्हतं. "व्हय, तुमी म्हनाल तसं," म्हणून ती घरी आली आणि पोराला शेळ्यांच्या काठीनं बडवलं.

दुसऱ्या वर्षी नापास पोरगं साहेबांपुढं उत्तरं देताना दिसून चालणार नव्हतं. नवी पेठेतल्या कापडवाल्याचा शरच्चंद्र विसाच्या पुढं मोजताना अडखळायचा. तपासणीच्या दिवशी मास्तरांनी त्याला घरी ठेवलं. त्याचा कोट आणि टोपी बिरप्पाच्या अंगावर चढली.

"आज तू शरच्चंद्र. नाव चुकलास तर कातडी सोलीन."

बिरप्पा चुकला नाही. साहेब गावोगावची शेकडो पोरं बघत, कुणाचा चेहरा त्यांच्या ध्यानात राहत नसे. त्यांनी पाठ थोपटली. शरच्चंद्र वर गेला, त्याच्या घरून मास्तरांकडे धोतरजोडी आली. तिसऱ्या वर्षी तो आणखी कुणीतरी झाला.

जोडाक्षरं पहिलीत शिकवत. त्यामुळे बिरप्पाला स्वतःचं नावही नीट लिहिता येत नव्हतं, तो पाटीवर 'बिरपा' काढी. पण पहिलीचा वर्ग बांबूच्या तट्ट्यापलीकडेच भरायचा. फटीतून बघून बघून त्यानं एके दिवशी 'प्प' जमवला आणि पाटी घेऊन धावत गेला.

"मास्तर, माजं नाव आलं! मी कच्चा न्हाय की!"

मास्तरांनी पाटी पुसली. मग त्याच्या बोटांत पेन्सिल घालून मूठ आवळली, तो ओरडायचा थांबेपर्यंत. "नसता शहाणपणा! जा, बस जाग्यावर."

चौथ्या वर्षी तो इतरांहून वीतभर उंच झाला होता. तपासणीला मास्तरांनी त्याला गुडघे मुडपून, मान घालून बसवलं. साहेबांचं लक्ष नेमकं त्याच्याकडेच गेलं.

"बाळ, तुझं नाव काय?"

त्या वर्षीचं नाव त्याला आठवेना. "बिरप्पा," तो म्हणाला.

साहेबांनी हजेरीत पाहिलं. "अरे, हा तर सारखा नापास होतोय."

"वेडसर आहे, साहेब," मास्तर लगेच म्हणाले. "कुणाच्याही जागी जाऊन बसतो. आई गरीब, म्हणून ठेवलाय."

साहेब प्रेमळ होते. त्यांनी सोपं विचारलं, "सात आणि पाच किती?"

बिरप्पानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर त्याच्याकडेच बघत होते. त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. पोरं खिदळली. मास्तरही हसले.

"उगाच जागा अडवलीय. काढून टाका," साहेब म्हणाले.

त्या दिवशी तानाबाईनं त्याला मारलं नाही. दूध मात्र सुरूच राहिलं, आणि ते पोचवायला आता बिरप्पाच जाऊ लागला. मास्तरांची आई भांडं पुढं करत सुनेला विचारी, "हाच ना गं तो वेडा?" पुढं खोपटांतही त्याला येडा बिरप्पाच म्हणू लागले. तो शेळ्यांमागं गेला तो तिकडचाच झाला.

त्याचं लग्न झालं, लेक मायाक्का झाली. १९३९ साली अनसूयाबाई नावाच्या नव्या मास्तरीण मुली गोळा करत खोपटांपर्यंत आल्या. त्यांनी काडीनं मातीत 'म' काढून दाखवला. मायाक्कानं तो एकदा पाहिला आणि शेजारी तस्साच काढला. बिरप्पाची बायको चन्नम्मा हरखून गेली.

बिरप्पानं पोरीला दंडाला धरून उठवलं. दोन्ही अक्षरं पायानं पुसली आणि तिच्या थोबाडीत दिली.

"अहो, मारता काय?" अनसूयाबाई म्हणाल्या. "हुशार आहे पोर!"

"हाय, मला दिसतंय की," तो म्हणाला. "तुमी जावा हितनं."

चन्नम्मा महिनाभर भांडली. एकदा तिनं चोरून पोरीला शाळेच्या दारापर्यंत नेलं, तेव्हा बिरप्पानं दोघींना झोडपलं. अनसूयाबाई पुन्हा आल्या, तोवर मायाक्काला त्यानं मंद्रूपला बहिणीकडे धाडलं होतं, मेंढरं राखायला.