शेऱ्याच्या रकान्यातल्या चार ओळी

माझे वडील केळी कापायचे. रावेर तालुक्यात कापणीच्या टोळ्या असतात. घड कापायचा, खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा, गाडीत भरायचा. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग धरतो, तो पुढे कशानंही निघत नाही. आमच्या घरात पांढरा कपडा म्हणून नव्हताच. आई धुळ्याकडची, दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. लग्नानंतर तीही टोळीमागे मळ्यामळ्यांतून फिरली. राहायला कुणाच्या तरी मळ्यातली पत्र्याची खोली असायची, आणि ज्याच्या मळ्यात राहायचं त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, हे आम्हा भावंडांना बोलायला येण्याच्या आधीपासून कळत होतं. मजुरी कमी दिली तरी नाही, शिवी दिली तरी नाही. वडील हातपाय धुता धुता म्हणायचे, "जाऊ दे, उद्या परत त्याच्याकडंच जायचंय."

मी धुळ्याला मामाकडे राहून बी.ए. केलं, राज्यशास्त्र घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी उगाच नम्र होत नाही. शेवटच्या वर्षाला लोकशाहीच्या भवितव्यावर प्रश्न होता. मी लिहिलं होतं, जनता एकदा रस्त्यावर उतरली की जुलमी सत्ता फार काळ टिकत नाही. वाक्याखाली पट्टीनं रेघ मारली होती. त्या वर्षी शिष्यवृत्ती अडकली म्हणून आम्ही कलेक्टर कचेरीवर मोर्चाही नेला. घोषणा देऊन घसा बसला, तेव्हा बंदोबस्तावरच्या एका पोलिसानंच मला पाण्याची बाटली दिली. दुपारी मी मामाकडे जाऊन जेवले. माझ्या मनात मोर्चा म्हणजे तेवढं.

पुढे सावद्याजवळच्या एका पॅकिंग हाऊसमध्ये कागदपत्रांचं काम मिळालं. तिथं केळीच्या फण्या पाण्याच्या हौदात धुतात, पुसून खोक्यात भरतात, खोकी थंड कंटेनरमध्ये जातात आणि कंटेनर मुंबईजवळच्या बंदरातून बाहेरदेशी. आमचा बराच माल इराणला जायचा. ज्यांचं पॅकिंग हाऊस, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. इंग्रजी कागद पाहिला की ते चष्मा काढून माझ्याकडे सरकवायचे. "वाच व पोरी, तुले शिकवलं कशाले बापानं?"

इराणच्या व्यापाऱ्याकडे माल उतरवून घेण्याचं काम एक मुलगी पाहायची. माझ्याच वयाची. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोबाईलवर लिहायचो. सुरुवातीला नुसत्या तक्रारी. खोकं दबलं, फणीवर डाग आहे, आणि सोबत फोटो. मग हळूहळू बाकीचं. तिचे वडील बंदरावर पोती वाहायचे, घरात शिकलेली ती पहिलीच. मी लिहिलं, मीपण. तिनं उलट लिहिलं, मग तू माझी तक्रार समजून घेशील, केळी फारच हिरवी आली आहेत.

मालासोबत जाणाऱ्या पॅकिंग लिस्टमध्ये शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो सहसा रिकामाच राहतो. आम्ही तो वापरायला लागलो. मालाबद्दल काही खास सांगायचं असलं की मी तिथं लिहायची, आणि कागद हातात आल्यावर ती आधी तोच रकाना वाचायची. ही आमच्या दोघींची पद्धत.

त्या हिवाळ्यात तिकडं महागाईनं दुकानदार सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यांच्यामागून पोरंपोरी. टीव्हीवर दाखवत होते. एक दिवस तिचा व्हिडिओ आला, अर्ध्या मिनिटाचाही नसेल. रस्ताभर माणसं चाललेली, घोषणा, मध्येच तिचं हसू ऐकू येतं. खाली लिहिलेलं, "यात मीही आहे." मी अंगठा पाठवला, हृदय पाठवलं. मला माझा कलेक्टर कचेरीचा मोर्चा आठवला. तिला पाणी कुणी दिलं असेल, असंसुद्धा मनात आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिकडचं इंटरनेट बंद झालं. माझ्या निरोपांना एकच टिक. तिच्या ऑफिसचा फोन लागेना. गोळ्या चालल्या असं बातम्यांत सांगत होते. किती माणसं गेली ते प्रत्येक चॅनल वेगळं सांगत होतं.

भाऊंचा जीव मालात. आठवड्यानं म्हणाले, "दोन कंटेनर पोचले असतीन, एक तक्रार नाही आली. म्हंजे माल चांगला लागला."

मी म्हटलं, "भाऊ, तिथून कुणाचा आवाजच बाहेर येत नाहीये. तक्रार कुठून येणार?"

"मंग आपण काय करणार तठी?"

याचं उत्तर मी बी.ए.च्या पेपरात लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

फोन जात नव्हता, पण केळी जात होती. पुढच्या कंटेनरची पॅकिंग लिस्ट टाईप करताना मी शेऱ्याच्या रकान्यात तिच्या नावानं चार ओळी लिहिल्या. व्हिडिओ पाहिला. त्या दिवशी मोर्चातून नीट घरी पोचलीस का? खूप काळजी वाटते. आम्ही इथं तुमच्या बाजूनं आहोत. इंग्रजी दोनदा तपासलं. चार प्रती काढल्या. एक आमच्या फायलीत, एक जळगावहून जाणाऱ्या कुरिअरच्या पाकिटात, एक ड्रायव्हरच्या हातात बंदरावरच्या एजंटसाठी, आणि एक नेहमीप्रमाणे कंटेनरच्या दाराला आतून चिकटवली. दार लागलं, कस्टमचं सील लागलं, गाडी निघाली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे लपवत नाही.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. आईला अक्षर येत नाही. तिनं आधी विचारलं, "ती पोर घर पोचनी का व?"

"तेच तर विचारलंय कागदात."

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तो कागद तिना हातमा जाई तवलोंग कोन कोन वाची?"

मी सांगायला लागले. बंदरावरचा एजंट, जहाजाची माणसं, मग तिकडच्या बंदरावरचे सरकारी...

"मंग त्या सरकारी लोक तिलेच इचारतीन ना," आई म्हणाली. "कोनता मोर्चा, कसाना व्हिडिओ. नावबी तूच लिखी दिनं."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच उलटली नाही.

मी तिथूनच भाऊंना फोन लावला. लपवाछपवी केली नाही. ते म्हणाले, "कोणी सांगितलं होतं तुले शहाणपण? धंद्याच्या कागदावर कोणी चिठ्ठ्या लिहितं का?" नोकरी गेली असं मी धरूनच चालले. पण लगेच म्हणाले, "कुरिअर उद्या दुपारी उचलतीन जळगावहून. सकाळी पयल्या गाडीनं जा. डायव्हरले आत्ता फोन कर."

गाडी धुळ्याच्या पुढं हायवेवर जेवायला थांबली होती. ड्रायव्हर वयस्कर, आमचे सगळे कंटेनर तेच नेतात, त्यांना आम्ही मामाच म्हणतो. मी म्हटलं, "मामा, तुमच्याकडचा पॅकिंग लिस्टचा कागद फाडून टाका. नवीन मी एजंटला पाठवते."

"फाडला बघ, ताई." कागद फाटल्याचा आवाज त्यांनी मला मुद्दाम ऐकवला. "अजून काय?"

"दाराच्या आत एक चिकटवलाय."

ते हसले, मग माझा आवाज ऐकून हसायचे थांबले. "सील कसं तोडू, ताई? माझी गाडी जाईल, लायसन जाईल."

भाऊंना परत फोन केला. ते म्हणाले, "सील तोडायचं म्हंजे अर्ज करा लागतो. कस्टमवाला इचारीन, का तोडता? काय सांगू त्याले? आमच्या पोरीनं तिकडच्या मोर्चेवालीले पत्र लिहिलं? मंग तो कागद सगळ्यात आधी तोच वाचीन, आन नाव फाईलमधी चढीन." त्यांचं खरं होतं. तिला वाचवायला जावं तर तिचं नाव आणखी चार जणांच्या तोंडी जाणार होतं.

सकाळी मी जळगावला गेले. कुरिअरच्या काउंटरवर पाकीट परत मागितलं. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, ओळखपत्र? अर्ज?" मी अर्ज लिहिला, पाकीट घेतलं, बाहेर येऊन उभ्या उभ्या आतली प्रत फाडली. आमच्या फायलीतली ऑफिसात जाऊन फाडली. नवीन प्रती काढल्या, रकाना कोरा ठेवून. त्याच दिवशी कंटेनर बंदरात गेला, आणि दोन दिवसांनी जहाज निघाल्याचा निरोप आला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. मी मोबाईलवर जहाजाचा ठिपका बघायची. तो रोज थोडा पुढं सरकायचा, आणि मला वाटायचं वादळ यावं, यंत्र बंद पडावं, केळी सडून समुद्रात टाकावी लागावीत. केळीवर वाढलेल्या पोरीनं हे मागावं. टीव्हीवर दोन माणसं भांडायची. एक म्हणायचा सत्ता आता पडणारच, दुसरा म्हणायचा असल्या सत्ता पडत नसतात. मी दोघांचंही ऐकायची. मला फक्त त्या कंटेनरचं दार तिकडं उघडणारा माणूस कोण असेल एवढंच कळायला हवं होतं. मजूर असेल तर कागद चुरगळून टाकील. शिपाई असेल तर वाचील. एका देशाचं काय होणार हा प्रश्न माझ्यापुरता एवढाच उरला होता, आणि त्यातही माझा हात कुठं पोचत नव्हता.

आईनं मला एकदाही बोल लावला नाही. रोज एवढंच विचारायची, "काही उना का निरोप?"

इंटरनेट परत आलं तेव्हा तिच्या नंबरवर माझे सगळे जुने निरोप तसेच एकाच टिकवर होते. ऑफिसच्या नंबरवरून मात्र उत्तर आलं. लिहिणारा कुणी पुरुष होता. कंटेनर मिळाला, माल ठीक. मी विचारलं, आधी ज्या मॅडम होत्या त्या? उत्तर आलं, "आता त्या इथं नाहीत." मी आणखी काही टाईप केलं आणि पुसून टाकलं. कोण वाचतंय ते मला माहीत नव्हतं.

भाऊंनी मला कामावर ठेवलं. इराणचा माल अजून जातो, आणि शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवते. ती नोकरी सोडून गेली, गावाला गेली, की तिला नेलं, आणि नेलं असेल तर त्या व्हिडिओमुळं की माझ्या कागदामुळं, हे मला आजही कळलेलं नाही.

चार प्रतींपैकी तीन फाडता आल्या.