आत्याच्या छातीवरच्या रेघा

टॉवेल जांभळा झाला तवा माह्या लक्षात आलं, मी काय करून बसली. कडेवर दीड वर्षाची पोरगी, दारात घरमालकीण काकू, आन् खाटेवर आत्या, म्हणजे माही सासू... माह्याकडं पाहून रायली होती.

पहिलेपासून सांगते. मी आठवीपर्यंत शिकली, मोबाईलवर लिहून रायली, चुका होतीन तर माफ करा. भूतखेत, अंगात येणं, असल्यावर माहा कधीच विश्वास नव्हता. गावच्या बाया सांगत तं मी तोंड दाबून हासे.

आत्याले छातीचा कॅन्सर हाय. ऑपरेशन झालं, आता मशीनचा शेक चालू हाय, रेडिएशन म्हणतात ते. त्यासाठी दवाखान्यातल्या दादानं गळ्याखालून कुशीपर्यंत जांभळ्या मार्करनं रेघा आन् फुल्या काढल्या होत्या. मले बजावलं, "ताई, साबण नाही, पाणी नाही. या पाहूनच मशीन लावतो. मिटल्या तर सगळं पहिल्यापासून मोजावं लागते, तितके दिवस शेक बंद."

आत्याले फक्त गोंडी येते. तिथल्या मॅडमनं इचारलंही होतं, "गोंडी बोलणारी एक ताई आहे आमच्याकडे, बोलावू का?" चार लोक बसले होते... मी म्हटलं, "नको, आमाले मराठी येते ना." आमी गोंड हाओत हे इथं नागपूरजवळ, बेसाले, कोणाले माहीतच नव्हतं. मीच सांगितलं नाई. हातावरचं गोंदण दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात आत्याले पुऱ्या बाह्यांचं झंपर घालाले लावे मी.

तं त्या दुपारी काकू एकदम घरात आली. आत्याचा पदर सरकलेला.

"अवं माय! हे काय वं गळ्यावर? करणी-बिरणी करता का माह्या घरात?"

कॅन्सर म्हणाव तं खोली जाईन. गोंड म्हणाव तं... माह्या तोंडातून निंघालं, "नाई ना काकू, पोरीनं स्केचपेन फिरवला!" आन् ते खरं वाटाव म्हणून ओला टॉवेल न् साबण घेऊन पुसाले लागली.

"चांगलं घास. खाली पण हाय, पाह्य तिकडं."

मी घासलं.

काकू गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेक होता. नवरा कन्हानले ड्युटीवर, फोन उचलेना. काजळाची कांडी घेऊन बसली... पण कुठं काढू? पोरगी आत्याच्या कुशीत झोपली. मी दाराले कडी लावली, पडद्यामागं शेगडीजवळ बसून तोंडात पदर कोंबून रडली.

चहा घेऊन आली तवा साडेचार वाजले असतीन. खिडकीतून ऊन आलं होतं. आत्याच्या छातीवर रेघा होत्या. फुल्या पण. सगळ्या! जांभळ्या नाई, हिरव्या-काळ्या, बारीक टिपक्या-टिपक्यांच्या... तिच्या हातावरच्या गोंदणासारख्या. मी थुका लावून घासलं. गेलं नाई. सूज नाई, रक्त नाई. दाराची कडी तशीच.

आत्या डोळे मिटूनच गोंडीत म्हणाली, "गोंदणारी आली होती. पोरगी उठू नये म्हणून हळूहळू टोचलं तिनं."

"कोण गोंदणारी, आत्या?"

"लहानपणी मले गोंदलं, तीच. इचारत होती, सून कुठं हाय. मी म्हटलं, पडद्यामागं हाय... तिले आपली लाज वाटते."



सकाळी दवाखान्यात दादानं मशीनचा लाल उजेड रेघांवर पाडला, पट्टी लावली, कॉम्प्युटरवर पाहिलं. "एकदम बराबर. पण ताई, हा रंग कसा काय?"

"पुसट होऊन रायल्या होत्या दादा... मी गडद केल्या."

"घरी नका करत जाऊ असं," म्हणे.

आत्यानं मान वळवून माह्याकडं पाहिलं. तिले मराठी येत नाई. पण तिले समजलं.

आता बरेच शेक झाले. रेघा तशाच हायेत, आंघोळीनं जात नाई. कोणं काढल्या, कशा काढल्या, मले आजवर समजलं नाई. त्या गोंडीवाल्या ताईले बोलवा म्हणाची हिंमत अजून झाली नाई... मंग आत्या तिले सगळं सांगन.

पण त्या सकाळचं इचाराचं हाय तुमाले. जाड दार लागलं, वरचा लाल लाईट पेटला. आत आत्या एकटी, बाहेर मी. खरं बोलली तं शेक बंद. नाई बोलली तं मी पुसलेल्या जागी, न पाहिलेल्या बाईच्या हातावर भरोसा. माहा हात दारावर होता...

तुमी असते तं वाजवलं असतं का दार?