झाकण नसलेल्या गाडीची पूजा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचा इतिहास मी सांगावा, हे हसण्यासारखंच आहे. पण अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे आमच्या शेजारी राहणारे नव्वदी ओलांडलेले अमेरिकन आजोबा त्या इतिहासात स्वतः बसून आले होते. त्यांची मुलगी ते ऐकून ऐकून कंटाळली होती. मला इंग्रजी कमी कळायचं, म्हणून मला कंटाळायला जास्त वेळ लागला. सून घरून काम करायची. जेवणाच्या सुट्टीत आमच्यामध्ये बसून इकडचं मराठी तिकडे, तिकडचं इंग्रजी इकडे करून सांगायची.

"तुम्ही रणगाड्यात होतात ना?" मी एकदा विचारलं.

आजोबा भडकले. "रणगाड्यात नाही! रणगाडे फोडणाऱ्या गाडीत!"

"फरक काय?"

"रणगाड्याला झाकण असतं. आम्हाला नव्हतं."

मला वाटलं, म्हातारा थापा मारतोय. पण ते खरं होतं. तोफ मोठी, पत्रा पातळ आणि वरून सगळं उघडं. पाऊस आत, बर्फ आत. घराआड लपायचं, जर्मन रणगाडा दिसला की गोळा मारायचा आणि जागा सोडून पळायचं.

"पळायचं?"

"नाहीतर तुमच्याशी आज कोण बोललं असतं?"

आजोबा तोफेत गोळे भरायचे. लष्करातल्या साहेबांचा बेत असा होता, की शत्रूचे रणगाडे झुंडीनं आले की या तुकड्या त्यांच्यावर सोडायच्या. तशा झुंडी फारशा आल्याच नाहीत. मग यांना सापडेल त्या कामाला जुंपलं. टेकडीपलीकडे गोळे टाका, पायदळाबरोबर जा. मोदक वळायला बोलावलेल्या बाईला भांडी घासायला लावावीत, तसं. लढाई संपल्यावर तुकड्याच मोडून टाकल्या.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मुलगी त्यांना लांब शुगर लँड गावी स्वतःच्या घरी नेणार होती. जाण्याआधी आजोबांना एकच हवं होतं. गावाबाहेरच्या बागेत तसली एक गाडी मांडून ठेवली होती, तिच्यात वरून एकदा डोकवायचं होतं. खालून त्यांनी ती पुष्कळदा पाहिली होती.

"डॅड, चढताना पडलात तर?" मुलीनं विषय संपवला.

दसऱ्याला मी मुलाच्या गाडीला हळदकुंकू लावत होते. आजोबा चाकाच्या खुर्चीतून बघत होते. सुनेनं सांगितलं, आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो, वाहनांचीही.

आजोबा म्हणाले, "माझ्याकडे एकातच दोन्ही होतं."

एवढं ऐकलं आणि मी झेंडू, लिंबू, नारळ पिशवीत भरले. मुलगी तोंड वाकडं करून का होईना, आली.

बागेत मी गाडीच्या लोखंडी पट्ट्याला कुंकू लावलं, कडीला माळ अडकवली, खाली लिंबू ठेवलं. नारळ उचलला तेवढ्यात बागेचा रखवालदार धावत आला.

"मॅम! नो, नो, मॅम!"

"आई, ठेवा तो नारळ," सून कुजबुजली.

"ठेवते. पण त्याला सांग, मालकानं आत बघितल्याशिवाय पूजा पुरी होत नाही."

"असं कुठे असतं?"

"आजपासून असतं."

रखवालदारानं विचारलं, मालक कोण? मी आजोबांकडे बोट केलं, सुनेनं त्यांची लढाई दोन वाक्यांत सांगितली. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग मुलीकडे. बागेतले दिवे बदलायला वर जाणारा यंत्राचा पाळणा होता, तो घेऊन आला.

"मीही चढणार," मुलगी म्हणाली. आजोबांना खुर्चीतून उठवून, त्यांचा कोट मागून घट्ट धरून ती पाळण्यात उभी राहिली.

पाळणा वर गेला. आजोबा वाकले. वर बघून बघून माझी मान दुखायला लागली.

"काय दिसतंय?" मी ओरडले. सुनेनं ते इंग्रजीत ओरडून सांगितलं.

"पाणी साचलंय! पानं कुजलीत!" आजोबा हसत सुटले. "अजून कोणी झाकण बसवलेलं नाही!"

मुलगीही वाकली. "डॅड, एवढ्याशा जागेत तिघं उभे राहायचात?"

"तिघं. त्यातला एक कधी मोजे बदलायचा नाही."

"कोण?"

"मीच."

परतताना मागच्या सीटवर मुलगी विचारत होती आणि आजोबा सांगत होते. घर येईपर्यंत ती थांबली नाही. सुनेनं इकडचं तिकडे करणं सोडून दिलं, मीही तिला सांग म्हटलं नाही. नारळ पिशवीत तसाच होता. घरी येऊन फोडला आणि चटणी वाटली.