पडचाचा

मोटारसायकलवरच्या कसरती शिकायला जो कोणी चाचांकडे यायचा, त्याला ते गाडीला बोटसुद्धा लावू द्यायचे नाहीत. वरपासून खालपर्यंत एकदा बघायचे आणि म्हणायचे, "पड बघू." समोरच्याला वाटायचं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "कुठं पडू?" "हितंच. हुबा हाईस तितंच. पड." मग तो बिचारा लाजत, हात पुढं टेकत कसाबसा पडायचा आणि चाचा मान हलवायचे. "मनगट मोडलं तुजं. उद्या ये." पंधरा दिवस हेच चालायचं. म्हणून त्यांचं नाव पडचाचा. गॅरेजच्या पाटीवर त्यांचं खरं नाव रंगवलेलं होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारा माणूस मी पाहिला नाही.

चाचांची उमेदीची वर्षं जत्रांत गेलेली. मौत का कुआँ म्हणजे ती लाकडी फळ्यांची उंच, गोल विहीर. तिच्या उभ्या भिंतीवर ते वीस-बावीस वर्षं मोटारसायकल फिरवत होते. हात सोडून, एका बाजूला बसून, वर कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला रुमाल ओढून घेत. पुढं तो खेळ सोडून त्यांनी राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत गॅरेज टाकलं. एवढ्या वर्षांत त्यांचं एकही हाड मोडलं नव्हतं आणि सगळ्यात जास्त अभिमान त्यांना त्याचाच होता. "पडलो न्हाय असं न्हाय," ते सांगायचे, "लई पडलो. पर नीट पडलो."

माझी त्यांची ओळख एका वाकड्या हँडलमुळं झाली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मोबाइलवर बघून बघून वडिलांच्या गाडीचं पुढचं चाक उचलायला शिकले होते, म्हणजे शिकले असं मला वाटत होतं. एका सकाळी मैत्रिणीला मागं बसवून रिकाम्या रस्त्यावर चाक उचललं आणि दोघी गाडीसकट आडव्या झालो. तिला दवाखान्यात पोचवून, वडिलांना कळायच्या आत हँडल सरळ करून घ्यावं म्हणून मी गाडी ढकलत चाचांच्या गॅरेजवर आणली. म्हटलं, घसरली. चाचांनी हँडल बघितलं, खरचटलेली टाकी बघितली आणि विचारलं, "हात कुणाचा मोडला?" मला रडूच फुटलं. त्यांनी गाडी दुरुस्त करून दिली, पण किल्ली खिशात टाकली. "ही तुज्या बाला दीन. तुला पायजे आसंल तर ऐतवारपासनं रोज सकाळी वीटभट्टीच्या मैदानावर ये. आन् बुटं घालून ये."

ती वीटभट्टी केव्हाच बंद पडली होती. मालकाला विचारून चाचांनी तिथलं पटांगण झाडून घेतलं होतं आणि एका कोपऱ्यात तालमीतली जुनी तांबडी माती आणून पसरली होती. त्या मातीत मी पंधरा दिवस पडले. हनुवटी छातीला, हात आखडलेले, खांद्यावरून गोल. आधी उभ्यानं, मग पळत येऊन, मग सायकलवरून. सगळ्यात अवघड होतं ते गाडी सोडणं. पडताना माणूस हँडल घट्ट धरतो. चाचा ओरडायचे, "सोड तिला! ती लोखंडाची हाय, ती दुरुस्त हुती. तू न्हाय हुणार!"

गाडी हातात आली तरी ॲक्सिलेटर लांबच होता. आधी मागचा ब्रेक. चाक फार वर गेलं की मागचा ब्रेक हलकेच दाबायचा, चाक आपोआप खाली येतं, हे पायात मुरेपर्यंत चाचा पुढं जाऊ देत नसत. शिकाऊ गाडीच्या मागं त्यांनी एक लोखंडी दांडी वेल्ड करून बसवली होती, गाडी पाठीवर उलटू नये म्हणून. पोरं त्या दांडीला लाजायची. चाचा म्हणायचे, "पाळण्याला कठडा आसतोय, तवा लाजलास व्हय?"

गाडीची चेन, टायर, ब्रेक तपासून झाले की ते चालवणाऱ्याकडं वळायचे. झोप झाली का? खाल्लंस काय? घरात भांडून आलास? उत्तर देताना कुणी जरा अडखळला, तरी त्या दिवशी गाडी नाही. एकदा माझा प्रकल्प कॉलेजनं परत पाठवला होता आणि मी ते बोललेही नव्हते. चाचांनी नुसतं माझं हेल्मेट काढून घेतलं. "आज तुजं ध्यान हितं न्हाय. बस सावलीत." मला राग आला होता. आता येत नाही.

असाच राग त्याच वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगलाही आला होता. मुलांनी माझ्या कसरतींची जाहिरात करून ठेवली होती. चाचा तासभर आधी जागा बघायला आले. सिमेंटचा रस्ता, त्यावर बारीक खडी, दोन्ही बाजूंना लोक चिकटून बसलेले. "न्हाय जमायचं," ते म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, सगळे बघायला बसलेत की. आता कसं न्हाय म्हणायचं?"

"त्वांडानं म्हणायचं. खडीवर चाक धरत न्हाय."

मी हेल्मेट चढवलं.  चाचा पुढच्या रांगांकडं गेले आणि बसलेल्या मुलांना शिव्या घालत उठवायला लागले. "सरका मागं! आनी मागं! त्या झाडापत्तुर!" अर्धा रस्ता रिकामा करूनच थांबले. मी गाडी काढली, चाक उचललं. टाळ्या ऐकू आल्या आणि त्याच क्षणी मागचं चाक खडीवरून सटकलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. हात आपोआप सुटले. हनुवटी आत गेली. खांदा टेकला, आभाळ फिरलं आणि मी बसती झाले. गाडी ठिणग्या उडवत घसरत गेली आणि थांबली ती बरोबर त्या जागेत, जिथं पाच मिनिटांपूर्वी मुलं बसली होती. तिथं आता कुणी नव्हतं.

चाचा पळत आले. माझं एकेक हाड चाचपत राहिले. "बोटं हलीव. मान वळीव. हितं दुकतंय? हितं?" कुठंच काही नव्हतं, कोपर खरचटलं होतं तेवढंच. मग ते माझ्या शेजारी रस्त्यावरच बसले आणि मी पाहिलं, पळताना पायातल्या चपला कुठं सुटल्या, ते त्यांना कळलंच नव्हतं. उभ्या भिंतीवर हात सोडून गाडी चालवणारा माणूस!  "नीट पडलीस," एवढंच म्हणाले. पुढचे पंधरा दिवस मी पुन्हा तांबड्या मातीत होते. चाक पुन्हा उचलू द्यायला त्यांनी तीन महिने लावले.

यथावकाश मी नोकरीला लागले. रविवारी मैदानावर नव्या मुलांना पाडायचं काम माझ्याकडं आलं, कारण चाचा सदुसष्टचे झाले होते. गेल्या हिवाळ्यात शहरात एक मोठी जत्रा लागली, तिच्यात मौत का कुआँ होता आणि त्याचा मालक चाचांचा जुना जोडीदार निघाला. त्यानं निरोप धाडला, एक फेरी मारा, शेवटची. चाचांचा चेहरा असा उजळला की मला धडकी भरली. फेरीच्या दिवशी दुपारी ते मैदानावर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तपास मला."

मी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग त्यांना समोर बघायला लावून डाव्या बाजूनं हात पुढं आणत गेले. "दिसला की सांगा, चाचा." हात त्यांच्या गालाजवळ आला तरी ते गप्पच. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. तो त्यांनी घरीही सांगितला नव्हता.  ज्यांनी मला जिवंत ठेवलं, त्यांना मी काय सांगणार? तरी सांगितलं. "चाचा, न्हाय जमायचं."

त्यांनी पटांगणाकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, दुखावले. पण त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, पाठीवरचं पोतं उतरवावं तसे. "बरं झालं बग," ते म्हणाले. "आज सकाळपासनं तीनदा बुटं घातली आन् काढली. माजं मला न्हाय म्हणाय येत न्हवतं."

संध्याकाळी आम्ही तिघं जत्रेला गेलो. मी, चाचा आणि चाची. लग्न झाल्यापासून चाची त्यांच्याबरोबर गावोगावच्या जत्रा फिरलेल्या, पण चाचा मात्र कुआँच्या वरच्या कठड्याशी प्रेक्षक म्हणून पहिल्यांदाच उभे होते. खाली गाडी सुरू झाली, फळ्या थरथरायला लागल्या आणि एक तरुण पोरगा भिंतीवरून भिरभिरत थेट आमच्या पायांपर्यंत आला. चाचांनी कठडा गच्च धरला.

"आईशप्पत, वरनं बघताना लई भ्या वाटतंय की गं," ते चाचींना म्हणाले. "तू रोज हितं कशी हुबी ऱ्हायचीस?"

"मी कवा बघितलंय?" चाची म्हणाल्या. "डोळं मिटून हुबी ऱ्हायची. फटफटीचा आवाज बंद झाला की उगडायची."

चाचा कठडा सोडून त्यांच्याकडं वळले. बावीस वर्षं. मग त्यांनी आपला हात चाचींच्या हातावर ठेवला. पोरगा पुन्हा वर आला, लोकांनी श्वास रोखला. चाची मात्र पदर सावरत चांगल्या पुढं वाकल्या आणि पहिल्यांदाच सगळा खेळ डोळे भरून बघत राहिल्या.