मावशीची पुस्तकपारख

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांतलं बरं-वाईट माझ्या मावशीइतकं उभ्या रायगड जिल्ह्यात कुणाला कळत नव्हतं, आणि हे तिला स्वतःला पूर्ण मान्य होतं. रोह्याच्या वाचनालयासाठी असली पुस्तकं तीच निवडायची. परीक्षणांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. नवं पुस्तक पिशवीत टाकायचं, एसटीने पेण गाठायचं आणि दिरांच्या गणपतीच्या कारखान्यात बसून मोठ्याने वाचायचं. रंग भरणाऱ्या बायकांचे हात थांबले, तर पुस्तक पास. एका कादंबरीतली माणसं वर्षानुवर्षं यानात राहत होती, तर कारखान्यातली एक म्हातारी एवढंच म्हणाली, "पानी कुठून भरतात गो?" लेखकाने ते सांगितलं नव्हतं, पुस्तक बाद. सात तोंडांचा राक्षस एका ताटात जेवला, म्हणून एक जाडजूड अद्भुतकथाही अशीच परत गेली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वाचनालयाने बजावलं, ही पुस्तकं कुणी नेत नाही. यंदा निवडाल ते पुस्तक चाललं नाही, तर तो कप्पा पाककृतींना देऊ. मावशीची अन्नावरची वासनाच उडाली.

त्या वर्षी मीही तिच्याबरोबर पेणला गेलो. दीर मूर्तींचे डोळे आखत होते. त्या कामात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा कारखान्याचा रिवाज. मावशीच्या वाचनाला तेवढी सूट होती. परग्रहावर चुकलेली एक मुलगी आभाळात आपली पृथ्वी शोधते, अशी ती गोष्ट. बायका थांबल्या, पण या शेवटच्या संधीला मावशीला तेवढं पुरेसं नव्हतं, आणि दिरांचा कुंचला काही थांबेना. मावशी हिरमुसून पुस्तक मिटणार, तेवढ्यात मूर्तीकडे बघून बायका हसायला लागल्या. गणपतीची नजर समोरच्या भक्ताकडे हवी, ती पार वर छताला लागली होती.

दीर ओशाळले. म्हणाले, "पोरीला घर गावतंय का, ते बघत व्हतो."

ते डोळे पुसायला निघाले. मावशीने हात धरला आणि तोच गणपती यंदा आपल्या घरी, असं जाहीर केलं.

दर्शनाला येणारा प्रत्येकजण आधी गणपतीकडे बघे, मग छताकडे, मग मावशीकडे. ती अर्धी गोष्ट सांगायची, हातावर मोदक ठेवायची आणि उरलेली वाचनालयात आहे म्हणायची. दिवाळीपर्यंत ते पुस्तक कप्प्यात टेकलंच नाही. पाककृतींना जागा दुसरीकडे शोधावी लागली.

विसर्जनाला कुंडलिका नदीत उतरताना तो गणपती वरच बघत होता. काठावर मावशीही वरच बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. मावशी आता नाही. कप्पा आहे, आणि तिथे कुणी पुस्तक चाळताना दिसलं, की मला अजून फार बरं वाटतं.