कासाबाईचा सुभेदार

सिनेमातला राजा कुत्रा आमच्या परभणीकडचा, हे सांगताना लोकांची छाती अजून फुगते. आमच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत मी त्याचा सिनेमा दीडदोनशे वेळा पाहिला. पण त्याचं खरं नाव सुभेदार होतं आणि तो ज्या बाईचा होता तिचं नाव कासाबाई, हे विचारायला कुणी येत नाही. म्हणून न विचारताच सांगतो. सांगण्यात माझा काही मोठेपणा नाही, उलट लाज आहे.

कासाबाई वालूरची, धनगराची. रझाकारांच्या गडबडीत तिचा नवरा धोंडीबा मेंढरं वाचवायला रानात गेला तो परत आलाच नाही. मागे राहिली तीसेक मेंढरं आणि त्यानं आठच दिवसांपूर्वी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. मूलबाळ नव्हतं. पिल्लू निजामाच्या अंमलदारासारखं ऐटीत चालायचं, म्हणून धोंडीबानंच त्याला सुभेदार म्हटलेलं. कासाबाईनं त्याला गोफणीवर तयार केलं. गोफण फिरवून दगड सोडला की दोरीचं टोक कडाडतं. तो आवाज झाला रे झाला की दगड जाईल तिकडं सुभेदार झेपावायचा. लांडग्यानं त्याचा डावा कान निम्मा फाडला, पण त्यानं एक मेंढरू जाऊ दिलं नाही. गोफण आणि कुत्रं, एवढ्यावर त्या एकट्या बाईचं निभत होतं.

त्रेपन्न साली जिंतूरच्या डोंगरात सिनेमावाले उतरले. मुंबईहून आणलेलं त्यांचं कुत्रं उन्हानं आजारी पडलं, तेव्हा त्यांचे व्यवस्थापक दिनकरराव दुसरं शोधत वालूरला आले. सुभेदार त्यांच्या नजरेत भरला. कासाबाई नको म्हणत होती, पण अख्खं गाव तिच्या मागे लागलं. गावाचं नाव होईल, आठ दिवसांनी काय बिघडतंय, वगैरे. आठ दिवसांत परत आणून देतो, अशी दिनकररावांनी बिरोबाची शपथ घेतली तेव्हा तिनं दोरी त्यांच्या हातात दिली. आठ दिवसांनी ती डोंगरात गेली तर तिथं विझलेल्या चुली होत्या.

मग दोन वर्षं ती रोज संध्याकाळी एक भाकर बाजूला काढून ठेवायची. बाकीचे धनगर चाऱ्यासाठी गोदावरीकडं जायचे, ही जागची हलायची नाही. कुणी काही बोललं तर म्हणायची, "त्याला हीच जागा ठावं हाय. मी गेल्यावर त्यानं कुठं हुडकावं?"

पंचावन्न साली आमचा तंबू वालूरच्या बाजारात लागला. मी दारावर तिकिटं फाडायचो. कासाबाई आली आणि दारावरच्या चित्रातल्या कुत्र्याकडं बोट दाखवून म्हणाली, "माझंच कुत्रं हाय, मला तिकीट कशाला?" मी हसलो आणि तिला आत सोडलं. सिनेमाच्या शेवटी दरोडेखोर बंदूक झाडतो, राजा ती गोळी आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. रोजच्यासारखा त्या दिवशीही सगळा तंबू रडला. खेळ सुटला, दुसऱ्या खेळाची गर्दी दाराशी रेटत होती, आणि ही बाई मधेच उभी.

"दादा, कुत्रं खरंच मेलं का वो?"

तिच्याआधी दहाजणांनी मला तेच विचारलं होतं. मी खेकसलो, "मेलं! गोळी लागलेली दिसली न्हाई का? सर बाजूला."

ती सरली. सिनेमातलं मरण खोटं असतं बाई, एवढं सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? पण नाही सांगितलं. पुढं कळलं की तिनं तेराव्या दिवशी सुभेदाराच्या नावानं गोड जेवण घातलं, भाकर ठेवायचं बंद केलं आणि मेंढरं घेऊन वालूर सोडलं. लोक हसले म्हणे. मीही हसलो होतो.

सत्तावन्न साली आमचे मालक किशनराव एक म्हातारं कुत्रं घेऊन आले. सिनेमावाल्यांना नकोसा झालेला राजाच तो. किशनरावांना तो तंबूच्या दाराशी उभा करून गर्दी खेचायची होती. रोज खेळाआधी मी फटाका फोडायचो, राजा धाडकन पडून मरायचा आणि मी "शाब्बास राजा" म्हटलं की उठायचा. टाळ्या पडायच्या. फाटका डावा कान पाहून हा कासाबाईचाच, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तरी तोंड उघडायला मला महिना लागला. महिनाभरात गर्दी आटली, किशनराव म्हणाले, ने कुठं न्यायचं ते.

तंबू तेव्हा परभणीत होता आणि कासाबाई पिंगळी स्टेशनाच्या पलीकडं रानात मेंढरं बसवून होती. मी राजाला घेऊन चालत निघालो. वाटेत मनाशी ठरवलं, आधी तिची माफी मागायची.

माफी मागायची वेळच आली नाही. लांबून मेंढरांचा वास लागताच तो लंगडत पळाला आणि तिच्या पायांत डोकं खुपसून कण्हू लागला. ती मटकन खाली बसली. त्याचा फाटका कान हातात धरून मोठ्यानं रडली, हसली, पुन्हा रडली. "आला गं बाई! माझा सुभेदार आला!" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "लय ग्वाड काम केलंत, दादा. बघा आता, कसा धावतो ते."

तिनं कमरेची गोफण सोडली. मला ओरडायला हवं होतं, पण माझ्या ध्यानातच आलं नाही. गोफण कडाडली आणि सुभेदार धाडकन आडवा पडला.

"सुभेदार! ए सुभेदारा!" तिनं त्याला हलवलं, पोटाशी धरलं. डोळे उघडे होते, त्याला ऐकूही येत होतं, पण तो हलेना. त्याला कशानं उठवायचं ते मला माहीत होतं आणि तिच्यादेखत ते म्हणवत नव्हतं. शेवटी म्हणालो, "शाब्बास राजा."

तो उठला, अंग झटकलं आणि माझ्यासमोर येऊन बसला.

मी चाचरत म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो व्हतो. तो मेला नव्हता."

"न्हाई दादा, तुमी खरंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "माझा सुभेदार तितंच मेला. ह्याला ऱ्हाऊ द्या. म्हातारं हाय, भाकर खाईल."

तो तिच्याकडं आणखी तीन वर्षं जगला. गोफण तिनं खुंटीला लावली ती लावलीच. मेंढरांच्या कडेला ती स्वतः काठी घेऊन जागायची आणि कुत्रं तिच्या घोंगडीत झोपायचं. मी अधूनमधून जायचो. तिनं त्याला पुन्हा कधी सुभेदार म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती त्याला राजाच म्हणायची.